लॉरीवर उंबराची फांदी

बाईजाच्या जिभेला हाड नव्हतं असं लोक म्हणतात. हाड कुणाच्याच जिभेला नसतं. बाईजाच्या जिभेला धार होती, आणि ती धार सगळ्या मुरबाड तालुक्यानं लग्नाच्या मांडवात बसून, पोटभर जेवून, वर पानसुपारी खाऊन सोसलेली होती. तिचा नवरा रामू मुका आहे असा पुष्कळांचा समज होता. तसं काही नव्हतं, बिचाऱ्याची पाळीच आली नव्हती.

आमच्याकडे लग्नाला भट नसला तरी अडत नाही, धवलारीण नसली तर अडतं, आणि आमची धवलारीण म्हणजे बाईजा. हळद लावायला, धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणायला, देवक बसवायला तीच लागते. आणि हे सगळं पुण्य पदरात पडलं की नवऱ्याकडच्या मंडळींची जाहीर हजामत करायलाही तीच. व्याह्याच्या टकलापासून मामाच्या फाटक्या वहाणेपर्यंत सगळं गाण्यात येतं. त्या गाण्याला विहीण म्हणतात. तिचा कायदा सोपा आहे. मांडवातलं बोलणं मनावर घ्यायचं नाही, आणि टोमणा झोंबला म्हणून जागेवरून उठायचं नाही. उठला तो हरला. ज्याला टोमणा मिळाला त्याला दृष्ट लागत नाही असं मानतात, म्हणून नवरदेवाला दोन जास्त मिळावेत अशी खुद्द त्याच्या आईचीच इच्छा असते.

हा कायदा आमच्या मुलखात एकाच शहाण्यानं मोडला. नदीपलीकडच्या वाडीचा गोमा पाटील. एका लग्नात बाईजा त्याच्या मिशीवर घसरली. "पाटलाची मिशी बगा गो, चावडीवर वर आन् घरात बायकोम्होरं खाली." एवढंच बोलली. गोमा पाटील भरल्या पानावरून उठला आणि उपाशीपोटी घरी गेला. मिशीवर लोक त्या दिवसापुरते हसले असते. त्याच्या उठण्यावर ते वर्षानुवर्षं हसत राहिले.

आणि बाईजाच्या लेकीची, गोदूची, सोयरीक जमली ती नेमकी या गोमाच्या एकुलत्या लेकाशी, रघूशी. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, मग ठरवल्याचा मान वडीलधाऱ्यांना दिला. गोमानं तो मान अट घालून वसूल केला. "अक्षता पडंपातूर माझ्या घरातल्या मानसाचं नाव तुझ्या तोंडावर आलं, तर सोयरीक मोडली असं समज." बाईजानं म्हसोबासमोर नारळावर हात ठेवून शब्द दिला. द्यावाच लागला, कारण गोदूनं आईला आधीच बजावलं होतं, "आये, ह्ये मोडलंस तर मी दुसरं करायची नाय." पोरगी आईवर गेली होती, म्हणजे बोलली ते करणारी होती. तेव्हा बाईजानं गप्प बसावं यावर एक संसार टांगलेला होता. कावळ्याला काव काव करू नकोस म्हणावं आणि त्याच्या भरवशावर वरात ठरवावी, तसलाच हा प्रकार.

त्या साली लढाई ऐन भरात होती. कुठे ते आम्हाला नक्की ठाऊक नव्हतं, पण तांदूळ रेशनवर गेला होता आणि घासलेट मिळत नव्हतं, त्यावरून ती जोरात चालली असणार हे कळत होतं. पौषात म्हशा गावची जत्रा भरली. बैलबाजार भरला, घोंगड्यांची दुकानं लागली, आकाशपाळणा उभा राहिला. मी, अनंता भजीवाला, दरवर्षीच्या जागी कढई मांडली. आणि माझ्या बाजूलाच सरकारची एक लॉरी येऊन उभी राहिली. तिच्या टपावर धोतऱ्याच्या फुलाच्या आकाराचा मोठा कर्णा, आत रेडिओची पेटी, बाजूला चार बांबूंवर ताडपत्रीचं छप्पर, आणि छपराखाली टेबल मांडून बसलेला भरतीचा सुभेदार.

लॉरीबरोबर एक साहेब आले होते. त्यांचं नाव कुणी विचारलं नाही, आम्ही त्यांना कर्णेसाहेब म्हणू लागलो. त्यांनी मोठ्या ऐटीत रेडिओ लावला. आमच्या डोंगरांत दिल्ली काही उतरेना. पेटीतून नुसती चरचर येत राहिली, आणि लोकांना वाटलं ती माझ्याच कढईची आहे. मग साहेब जाळीच्या डबीसमोर उभे राहून स्वतःच वाचू लागले. "आघाडीवरील परिस्थिती समाधानकारक असून दोस्त राष्ट्रांच्या फौजा पुढे सरकत आहेत." ऐकायला दोन बैल होते, आणि तेही दाव्याला बांधलेले होते म्हणून.

बाईजा गोदूसाठी घोंगडी घ्यायला आली होती. जाता जाता ती लॉरीपाशी थांबली आणि स्वतःशीच बोलावं तशी बोलली, "म्होरं सरकतायत तर सरकू दे. आमचा तांदूळ मागं का सरकतोय त्ये विचार त्या पेटीला."

ती उभी होती डबीच्या शेजारी. वाक्य कर्ण्यात गेलं आणि सगळ्या जत्रेवरून फिरून आलं. बैलबाजारातून हशा आला, पाळण्यावरून आला. बघता बघता लॉरीपुढे एवढी माणसं जमली की माझी पहिली कढई तिथेच संपली.

कर्णेसाहेब काही मूर्ख नव्हते. गर्दी कशी जमते हे सरकारनं त्यांना शिकवलं नव्हतं, पण जमलेली गर्दी त्यांना ओळखता येत होती. त्यांनी बाईजाला स्टुलावर बसवलं. म्हणाले, "बाई, लोक विचारतील त्याला उत्तर द्या. मधेमधे मी बातम्या सांगेन."

बाईजा म्हणाली, "इथं बोलून चालायचं नाय. ह्यो काय मांडव हाय?"

अडचण खरी होती. मांडवाबाहेर बोललेलं लोक मनावर घेतात, डोकी फुटतात. तेव्हा आमच्यातल्या शहाण्यांनी विचार केला. चार बांबू आहेत, वर छप्पर आहे, मग कमी काय आहे? मांडवाला लागते ती उंबराची फांदी तेवढी. कुणीतरी धावत जाऊन ओढ्यावरून ती तोडून आणली आणि बांबूला बांधली. झाला मांडव. सरकारची लढाई आमच्या लग्नघरात आली. साहेबांना वाटलं लोकांनी सजावट केली, त्यांनी आभारही मानले.

पुढचे दोन दिवस जे झालं तसं ना त्याआधी झालं ना नंतर. लोक रांगेनं यायचे, डबीत तोंड घालून प्रश्न विचारायचे, आणि बाईजा सगळ्या जत्रेसमोर त्यांची सालं काढायची.

एकानं विचारलं, "बाय, माझा बैल जोताला बसतो. काय करू?"

"तुझ्या घरात समदी बसनारीच रे. तू वट्यावर बसतोस, त्यो शेतात. दोगांतला एक वीक. बैलाला गिऱ्हाईक तरी येल."

सुंदरा म्हणून एक सासूबाई आल्या. सून ऐकत नाही म्हणाल्या. "तू थांबलीस का ऐकल ती. तिला मधी जागा कुठं देतेस?"

तलाठी आले. ते प्रश्न विचारायला नाही, नुसते उभे राहायला आले होते. "भाऊसाहेब, तुमची नजर लय अजब. बुडालेलं पीक दिसत नाय, आन् कोंबडी तीन घरं वलांडून दिसते." भाऊसाहेब लाल झाले, पण वर उंबराची फांदी होती. हसले आणि बसले.

मलाही सोडलं नाही. "ह्या अनंत्याचं त्याल मागल्या जत्रंला कढईत पडलंय. बिचारं आजून भाईर यायची वाट बगतंय." त्यानंतर माझी भजी दुप्पट खपली. लोक भजं उचलून तेल न्याहाळायचे आणि खायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अशी गत झाली की ज्याला कर्ण्यावरून टोमणा मिळाला नाही तो माणूसच नाही. प्रतिष्ठित मंडळी आपला अपमान व्हावा म्हणून उन्हात तिष्ठत उभी राहिली. सगळ्यांचं झालं. फक्त एका घराला बाईजानं बोट लावलं नाही. गोमा पाटील समोरच्या खुर्चीवर मिशीला पीळ देत बसला होता, आणि ती त्याला टाळून बाकीच्यांकडे बघत होती.

गोमा तिथे बसला होता तो उगाच नाही. भरतीला पोरं आणणं पाटलांवर आलं होतं, आणि दुसऱ्यांची पोरं शूर करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "देशाला जवान पायजेत," म्हणायचा. त्याच्याकडचा गडी गणू, आईबाप नसलेला, मालक म्हणेल त्याला मान हलवणारा, त्याला तर दुसऱ्या पोरांना धीर यावा म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी टेबलाजवळ उभा करून ठेवला होता.

मार खात होता तो रघू. जत्रेतल्या दोस्तांनी त्याला सळो की पळो केलं. "तुज्या सासूला बैल दिसतो, तलाठी दिसतो, तू दिसत नायस." त्यातला कान्हा म्हणाला, "टोमना न मिळालेला नवरदेव म्हंजी अपशकुनच." रघूला अट ठाऊक होती, पण बापानं नाक वाचवण्यासाठी घातलेली अट चारचौघांत सांगायची कशी? तो आतल्या आत तापत गेला.

त्या संध्याकाळी कर्णेसाहेब बाईजाजवळ आले. "बाई, उद्या मोठे गोरे साहेब येणार आहेत. तरुणांना जरा लाज वाटेल असं बोला. टेबलाजवळ कुणी येतच नाही."

"लाजच आनायची ना?" बाईजा म्हणाली. दोन दिवस सगळी जत्रा तिच्या तोंडाकडे बघत होती, ते तिच्या डोक्यात गेलं होतं. कुणाच्या जात नाही?

तिनं डबी पुढे ओढली. "ए मिशीवाल्यांनो. मिशांना लोनी लावताव आन् कोल्हा वरडला का गोधडीत तोंड घालताव. सरकार तुमाला बंदूक देतंय. तुमी कसले जाताय. आकाशपाळन्यात बसलं तरी आई आठवते तुमाला."

जत्रा खदखदा हसली. पोरंही हसली. पण मांडवात टोमणा बसला की उलट गाणं म्हणून फेडायचा असतो, आणि या टोमण्याला पोरांकडे गाणं नव्हतं. फेडायला समोर भरतीचं एक टेबल तेवढं होतं. बाईजाच्या हे ध्यानात आलं नाही. तिच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. तिच्या मनात त्या वेळी काहीच नव्हतं, नुसता हशा होता, आणि मला तोच आज आठवला की चीड येते.

सकाळी टेबलापुढे रांग लागली. कर्णेसाहेबांचा चेहरा उजळला. गोरे साहेब आले, त्यांना खुर्ची दिली, शेजारी गोमा पाटलाला बसवलं. बाईजा स्टुलावर चढली आणि पहिल्या प्रश्नाची वाट बघू लागली. तेवढ्यात गोदू गर्दीतून वाट काढत आली. धावून तिचा ऊर धपापत होता.

"आये, रघू लायनीत हाय."

बाईजानं मान वळवली. रांगेत सगळ्यात पुढे रघू, मागे कान्हा, त्याच्या मागे लडकू, आणि आणखी चार-पाच, शेवटी गणू. रघूनं सासूकडे बघितलं ते असं की, आता तरी दिसतो का मी?

मी गोमाकडे पाहिलं. त्याच्या मिशीचा पीळ सुटला होता. पण बोलणार काय? दोन दिवस दुसऱ्यांच्या लेकरांना शौर्य शिकवलं होतं, शेजारी गोरा साहेब बसला होता, आणि एकुलता एक रघू छाती काढून उभा होता.

"आये, काय तरी कर," गोदू म्हणाली. "बोललीस तर सोयरीक मोडल. मोडू दे. त्यो ऱ्हाऊ दे."

बाईजा उठली. म्हसोबाच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि कर्ण्यातून सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं बोलली, "देवा, घटकाभर कान झाक."

मग सुभेदाराकडे वळली.

"सुबेदारसायेब, ह्या रघूला घेताव? घ्या. पन मंग तक्रार घेऊन म्हशाला येऊ नका. दिवस मावळला का ह्याला म्हैस आन् मावशी सारकीच दिसते. मागल्या दिवाळीत म्हशीच्या पाया पडलाय ह्यो."

जत्रा हशानं फुटली. अट सगळ्यांना ठाऊक नव्हती, पण ज्यांना होती त्यांच्या माना गोमाकडे वळल्या.

"डाव्या कानानं ऐकू येत नाय. तुमी डावं म्हनाल, ह्यो हुबा ऱ्हाईल. नाचनीची राखन दिलती ह्याला. डुकरांनी श्यात खाल्लं, जाताना ह्याच्या अंगावरचं घोंगडं नेलं, तरी घोरत व्हता. तुमची तोफ असंल तर तिला आदुगर साखळी घाला."

रघूचा चेहरा पेटला. तो तिच्याकडे बघत ओरडला, "मला समदं दिसतंय."

"कुनाशी बोलतोस रे? सुबेदार तिकडं हायेत."

आता गोरे साहेबही हसायला लागले. कर्णेसाहेब त्यांच्या कानाशी भाषांतर करत होते आणि त्यांचं स्वतःचं हसू मात्र सुकत चाललं होतं. खरं सांगायचं तर रघूची नजर घारीची होती. अमावास्येला ओढ्यात उतरून तो खेकडे धरायचा. हे जत्रेतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं आणि एकाही भल्या माणसानं तोंड उघडलं नाही.

सुभेदार हसला नाही. त्यानं गोमाकडे बोट केलं. "पाटील, मुलगा तुमचा आहे. ही बाई म्हणते ते खरं की खोटं?"

माझ्या कढईची चरचर तेवढी ऐकू येत होती. गोमा पाटलानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि आम्ही सगळ्यांनी ती हालचाल ओळखली. सहा वर्षांपूर्वी भरल्या पानावरून उठताना त्यानं ते असेच ठेवले होते. आता तो उठणार होता. "खोटं" म्हणणार होता, घराण्याचं नाक वाचवणार होता, सोयरीक मोडणार होता आणि पोरगा देणार होता.

"खोटं हाय," गोमा म्हणाला.

रघू ताठ झाला. बाईजानं डोळे मिटले.

"डावाच कान नाय, सायेब. दोनी जाम हायेत. बाप हाय मी, लहानपनापासनं हाका मारतोय." गोमा बसल्या जागेवरूनच बोलत राहिला. "आन् बाय अर्दंच बोलली. ह्याचा गुडगा ऱ्हायला. आंब्यावरनं पडलाय. पाऊस आला का आडवा होतो. लय निकामी पोर हाय सायेब. आमाला ठेवा."

गर्दीतून हसू आलं नाही. रघूनं बापाकडे बघितलं आणि त्याची मान हळूहळू खाली गेली. सुभेदार हात झटकून म्हणाला, "बाजूला हो. पुढचा."

पुढचा कान्हा होता. तो पाऊल टाकतो न टाकतो तोच गर्दीतून त्याची आई पारू किंचाळली, "बाय, माज्या कान्हाचं पन सांग गो."

बाईजाला सांगायला काय लागतंय. कान्हाला फेफरं येतं, लडकूला बंदुकीचा बार ऐकला की धोतर आवरत नाही, तिसऱ्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, फक्त ताटाकडे जातो. आता आयाही थांबेनात. रंगू, लहानी, अंबूबाई, साऱ्याजणी पदर खोचून पुढे आल्या आणि ज्या लेकरांना नवसानं वाढवलं त्यांचे भर जत्रेत दोष सांगू लागल्या. एवढी पांगळी, आंधळी, बहिरी आणि भित्री पोरं एका तालुक्यात निपजली कशी, असा प्रश्न गोऱ्या साहेबांना पडला असणार. कर्णेसाहेबांनी धावत जाऊन तार उपटली. कर्णा बंद पडला. बाईजाला काही फरक पडला नाही. मांडवात ती कर्ण्याशिवायच वाढली होती.

रांग विस्कटली. टेबलाजवळ शेवटी एकटा गणू उरला. त्याचा दोष सांगायला गर्दीत कुणी नव्हतं. बाईजानं तोंड उघडलं, पण तिला त्याच्याबद्दल काही माहीतच नव्हतं. गोमाला माहीत होतं. पण त्याला सुचेपर्यंत गणूनं सवयीनं मान हलवली होती, अंगठा उठवला होता, आणि सुभेदार त्याला घेऊन लॉरीमागे गेला होता. मोकळ्या हातानं परत जायला सरकारही तयार नसतं.

म्हशाकडची पोरं अशक्त असतात असा वरच्या लोकांचा त्यानंतर समज झाला म्हणे. आम्ही तो खोडून काढायला गेलो नाही.

चैत्रात रघू-गोदूचं लग्न लागलं. सोयरीक मोडल्याचं गोमा बोलला नाही, अट होती हेही बोलला नाही. मांडवात तो पहिल्या पंगतीला बसला, आणि बाईजा त्याच्यासमोर येऊन नुसती उभी राहिली तेव्हा म्हणाला, "मुकी झालीस का गो? चालू दे." मग तिनं चालू केलं. मिशी काढली, पोट काढलं, उपाशी घरी गेल्याची जुनी गोष्टही काढली. गोमा हसला. एवढा हसला की डोळे पुसावे लागले.

सगळं संपलंसं वाटलं तेव्हा बाईजा पंगतीतल्या एका रिकाम्या पाटाकडे वळली. तो पाट तिनंच मांडून घेतला होता.

"आन् ह्यो गनू बगा," ती म्हणाली. "झोपाळू. रताळ्यासारकी मान. कुनी काय म्हनलं का हलवनार. सरकारचं खाऊन फुगला असंल आन् मालकाच्या घरचं लगीन इसरला. येऊ दे परत, कान धरून ह्याच पाटावर बसवते."

मंडळी हसली, मग कशासाठी ते लक्षात आलं तशी थांबली. दृष्ट लागू नये म्हणून द्यायचं ते तिनं उशिरा का होईना दिलं होतं. ताटं वाढलेली होती, भात निवत होता. गोमा पाटलानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या रिकाम्या पाटाकडे बघत राहिला. तो हसला नाही. उठलाही नाही.